भंगारातली आश्चर्ये

पाच जून आला की शाळांत रोपे वाटली जातात, कार्यालयांत शपथा घेतल्या जातात आणि कुठल्या तरी चौकात बाटल्या-झाकणांचा मासा नाहीतर हत्ती उभा राहतो. जागतिक पर्यावरण दिन 1973 पासून पाळला जातो; त्याला अशा शिल्पांची जोड मिळाली ती अलीकडे. या प्रकारातले आपल्या देशातले एक भव्य काम दिल्लीत आहे. मे महिन्याच्या सुटीत दिल्ली-आग्रा करून आलेल्या बऱ्याच मराठी कुटुंबांच्या मोबाइलमध्ये त्याचे फोटो असतील. सराय काले खाँजवळचे ‘वेस्ट टू वंडर’ उद्यान ते हेच.

तेव्हाच्या दक्षिण दिल्ली महापालिकेने 2019 च्या फेब्रुवारीत ते लोकांना खुले केले. ताजमहाल, पिसाचा कलता मनोरा, रोमचे कलोसियम, गिझाचा पिरॅमिड, न्यूयॉर्कची स्वातंत्र्यदेवी, रिओचा ख्रिस्त आणि साधारण 60 फुटी आयफेल टॉवर, सगळे भंगारातून. पालिकेच्या गोदामांत गंजत पडलेले विजेचे खांब, पाइप, बागांतली मोडकी बाके, झोपाळे, गाड्यांचे सुटे भाग असा सुमारे 150 टन माल त्यात गेला. लांबून पाहिले तर हे सगळे हौशी पर्यटकाची सोय वाटते. एका तिकिटात सात आश्चर्ये, सेल्फी काढा आणि पुढच्या स्थळाला चला. जवळ गेल्यावर मात्र पाय थबकतो. वळण साधण्यासाठी वाकवलेला पाइप दिसतो, वेल्डिंगच्या गाठी दिसतात, जाळीत सायकलची रिंग ओळखू येते. मूळ ताजच्या कारागिरांनी नक्षी दगडात कोरली. इथल्यांना ती ढिगाऱ्यातून हुडकून काढावी लागली. हे काम सोपे नाही आणि त्याला नाके मुरडण्याचेही कारण नाही.

पण कौतुक झाल्यावर हिशेबही करायला हवा. दिल्ली शहरात रोज अंदाजे 11,000 टन कचरा निघतो. म्हणजे सातही आश्चर्यांत मिळून जेवढा माल जिरला, तेवढा कचरा हे शहर वीसेक मिनिटांत टाकते. त्यातही गंमत अशी की, लोखंड हा कचऱ्याचा प्रश्न कधी नव्हताच. लोखंडाला भाव आहे. भंगारवाला ते दारातून वजन करून नेतो, ते भट्टीत जाते आणि सळई होऊन परत येते. ज्याला कोणी भाव देत नाही ते म्हणजे खरकट्यात मिसळलेल्या पिशव्या, वेफर्सची चकचकीत पाकिटे, डायपर, थर्माकोल. त्यांचा आयफेल टॉवर होत नाही. त्यांचा गाझीपूर होतो.

गाझीपूरचा कचरा डेपो 1984 मध्ये सुरू झाला. 2002 मध्येच त्याची क्षमता संपली, तरी गाड्या येतच राहिल्या. 2017 च्या सप्टेंबरात ढिगाचा एक भाग कोसळून दोघांचा जीव गेला. उद्यानाचे उद्घाटन झाले त्याच 2019 साली या ढिगाची उंची 65 मीटरच्या घरात पोहोचली होती. कुतुबमिनार 73 मीटरचा आहे. भंगारातला आयफेल टॉवर त्यापुढे पोरसवदाच.

बिनमोलाच्या वस्तूंना हात घालणारा माणूस आपल्याकडे होऊन गेला, चंदीगडमध्ये. नेकचंद हे सार्वजनिक बांधकाम खात्यातले रस्ता निरीक्षक. फाळणीत गाव सुटलेले. नवे शहर वसवण्यासाठी जुनी गावे हटवली गेली, आणि त्या पाडापाडीतले तुकडे सायकलवरून आणून सुखना तलावाजवळच्या राखीव जंगलात ते रात्री-बेरात्री मूर्ती घडवत राहिले. फुटक्या कपबश्या, तुटक्या बांगड्या, चिनीमातीचे फ्यूज, डांबराची पिंपे. बांगड्यांच्या काचा सिमेंटात ओळीने रोवून त्यांनी बायकांच्या मूर्तींना जे घागरे चढवले आहेत, ते उन्हात पाहावेत. कुठलाही भंगारवाला ज्याचा रुपया देणार नाही, असा तो माल.

हे सगळे बेकायदा होते. सत्तरच्या दशकात सरकारी माणसांच्या ते दृष्टीस पडले, तेव्हा नियमावर बोट ठेवून पाडून टाकणे सहज शक्य होते. तसे झाले नाही. 1976 मध्ये रॉक गार्डन लोकांसाठी खुले झाले, नेकचंदांना पगार आणि हाताखाली मजूर मिळाले, 1984 मध्ये पद्मश्री मिळाली. सरकारी फायलीत एवढे शहाणपण क्वचित सापडते. ते टिकले असे मात्र म्हणवत नाही. पुढे एकदा तिथे बुलडोझर आले, तेव्हा नागरिकच आडवे उभे राहिले. नेकचंद 2015 मध्ये गेले आणि 2025 च्या मार्चमध्ये उच्च न्यायालयालगतच्या रस्त्यासाठी आणि पार्किंगसाठी गार्डनच्या भिंतीचा काही भाग पाडण्यात आला.

दिल्लीला नावे ठेवून आपल्याला हात झटकता येणार नाहीत. मुंबईत देवनारला 1927 पासून कचरा पडतो आहे. पुण्यात 1993 मध्ये कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत उभी राहिली, 2008 मध्ये ‘स्वच्छ’ ही कचरावेचकांची सहकारी संस्था आली, आणि ओला-सुका वेगळा करून मागणाऱ्या बायका दारात येऊ लागल्या. पुनर्वापर नावाची गोष्ट घडते ती या बायकांच्या हातून. त्यांना हातमोजे, वर्गीकरणाला शेड आणि महिन्याचे पैसे वेळेवर मिळाले पाहिजेत, ही मागणी शिल्पाच्या कोनशिलेइतकी देखणी नाही. म्हणूनच ती दरवर्षी मागे पडते. चौकातल्या हत्तीसाठी जो निधी लगेच मंजूर होतो, तो आधी शेडकडे वळवावा. हत्ती सहा महिने थांबला तर पर्यावरणाचे काही बिघडणार नाही.

उद्यान पाहायला जरूर जा. निघाल्यावर निजामुद्दीन पुलावरून यमुना ओलांडली की मेरठकडे जाणारा द्रुतगती मार्ग लागतो आणि थोड्याच वेळात गाझीपूरचा डोंगर दिसतो. त्याला तिकीट नाही. गाडीच्या काचा खाली करून मुलांना तोही दाखवा.