ताप आलाय, आज पोटावरचं इंजेक्शन घेऊ का?



पावसाळा सुरू झाला की माझ्या फोनवर येणारे प्रश्न ठरलेले असतात. प्लेटलेट किती झाल्या म्हणजे घाबरायचं, पपईच्या पानांचा रस द्यावा का, एक बाटली सलाईन लावली तर लवकर बरं वाटेल का. आता त्यात एका नव्या प्रश्नाची भर पडली आहे. "डॉक्टरसाहेब, कालपासून ताप आहे आणि आज रविवार, वजनाच्या इंजेक्शनचा वार. घेऊ का राहू देऊ?"

जे विचारतात त्यांची मला फारशी काळजी वाटत नाही. जे विचारत नाहीत आणि सांगतही नाहीत, त्यांच्यासाठी हा लेख आहे.

लातूरच्या आडत बाजारातले एक गृहस्थ, वय पन्नाशीच्या आत. लेक नांदेडला दिलेली, नातवाला बघायला आले आणि तापाने पडले. पाचव्या दिवशी जावई त्यांना माझ्याकडे घेऊन आले. "ताप सकाळपासून उतरलाय, पण दोन दिवसांपासून उलट्या थांबंनात. पोटात दुखतंय, काईच सुधरंना गेलंय." चालू औषधं विचारली. शुगरची गोळी सांगितली, बीपीची सांगितली. जावई रक्ताचे नमुने द्यायला बाहेर गेले तसे हळूच म्हणाले, "वजनाचं पण एक चालूय, पोटावर घेतो ते. जावयांना सांगू नका. उलट्या त्याच्यानंच होतेत. पहिल्या महिन्यात पण अशाच झाल्त्या."

रिपोर्ट आला. डेंग्यू. प्लेटलेट घसरलेल्या, रक्त घट्ट झालेलं, साखर 62. दाखल करावं लागलं. ते बरे होऊन घरी गेले. पण दोन दिवस त्यांनी त्या उलट्यांचा दोष इंजेक्शनवर टाकला होता, आणि ते दोन दिवस डेंग्यूतले सगळ्यात जपायचे दिवस होते.

आधी औषधाबद्दल थोडं. टिर्झेपॅटाइड, म्हणजे मौंजारो, मार्च 2025 मध्ये भारतात आलं. त्याच वर्षी जूनमध्ये वेगोवी आलं, त्यातलं औषध सेमाग्लुटाइड. ओझेम्पिकमध्येही सेमाग्लुटाइडच असतं. मार्च 2026 मध्ये सेमाग्लुटाइडच्या भारतातल्या पेटंटची मुदत संपली आणि देशी कंपन्यांना वाट मोकळी झाली. पुण्या-हैदराबादच्या दवाखान्यांत दिसणारं हे इंजेक्शन आता नांदेडच्या डॉक्टर्स लेनमध्ये आणि लातूरच्या औषध दुकानांतही मिळतं. मी या औषधाच्या विरोधात नाही. योग्य माणसाला, योग्य तपासण्या करून दिलं तर ते फार उपयोगी आहे, शुगरवाल्यांना तर विशेष. माझी तक्रार आहे ती देण्याच्या पद्धतीबद्दल. पेन कसं धरायचं, सुई कुठे टोचायची, डोस कधी वाढवायचा हे सगळं समजावून सांगितलं जातं. आजारी पडलात तर काय करायचं, हे बहुतेकांना कोणी सांगितलेलंच नसतं. आणि मराठवाड्यात पावसाळ्यानंतर घरात कोणी तापाने पडलं नाही, असं वर्ष मला तरी आठवत नाही.

कारण उघड आहे. डेंग्यूचा एडिस डास गटारात वाढत नाही, तो साठवलेल्या स्वच्छ पाण्यात वाढतो. ज्या लातूरला एप्रिल 2016 मध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं, तिथल्या माणसाला पाणी साठवू नका म्हणणं शहाणपणाचं नाही. नळ रोज येत नसेल तर टाकी, ड्रम, रांजण भरलेले राहणारच. म्हणून आठवड्यातून एकदा भांडी घासून पुसून कोरडी करायची, तो कोरडा दिवस. इंजेक्शनचा वार लक्षात राहतो, मग त्याच दिवशी घरातले ड्रमही घासून घ्या.

आता मुद्द्यावर येऊ. हे औषध पोट हळू रिकामं करतं आणि मेंदूला भूक नसल्याचा निरोप देतं. त्यामुळे जेवण कमी होतं. पण बऱ्याच जणांचं पाणीही कमी होतं, हे त्यांच्या लक्षात येत नाही. त्यात ताप आला की घामावाटे पाणी जातं, तोंडाची चव जाते, उलटी-जुलाब झाले तर आणखी जातं. एरवी निरोगी माणसाला तापात तहान तरी लागते. यांना ती पुरेशी लागेलच असं नाही. शरीर कोरडं पडलं की पहिला मार बसतो मूत्रपिंडाला.

म्हणून प्रश्नाचं सरळ उत्तर असं. नुसती सर्दी आहे, अंग कसकसतंय, पण दोन्ही वेळ जेवताय, पाणी पिताय, लघवी नेहमीसारखी होतेय, तर इंजेक्शन बंद करायची गरज नाही. मात्र ताप जोराचा आहे, उलट्या किंवा जुलाब आहेत, जेवण निम्म्यावर आलंय, किंवा डेंग्यूची शंका आहे, तर त्या आठवड्याचा डोस घेऊ नका आणि ज्यांनी सुरू केलं त्यांना फोन करा. एका आठवड्याने वजन परत येत नाही. मला माहीत आहे की हात का कचरतो. मौंजारो आलं तेव्हा 2.5 मिलिग्रॅमच्या एका बाटलीची किंमत 3,500 रुपये होती. एवढ्या महागाचं औषध फ्रीजमध्ये पडून राहणार, तारीख चुकणार, असं वाटतं. पण एक दिवस दाखल व्हायला याहून जास्त लागतात.

अजिबात वाढवू नये अशी एक गोष्ट म्हणजे डोस. महिना झाला म्हणून 2.5 चं 5 करायचं ठरलं होतं आणि त्याच आठवड्यात ताप आला, तर ती वाढ पुढे ढकला. नव्या डोसच्या उलट्या आणि आजाराच्या उलट्या एकात एक मिसळल्या तर तुम्हालाही कळत नाही आणि आम्हालाही.

पण डोस चुकवला म्हणजे औषध अंगातून गेलं, असं समजू नका. इथेच जास्त लोक फसतात. सेमाग्लुटाइड अंगात निम्मं व्हायला साधारण 7 दिवस लागतात, टिर्झेपॅटाइडला साधारण 5. म्हणजे गेल्या रविवारचं औषध आज बऱ्यापैकी शिल्लक आहे, आणि पूर्ण निघून जायला कित्येक आठवडे लागतील. त्यामुळे "मी तर या आठवड्यात घेतलंच नाही, मग सांगायचं कशाला" हे चालणार नाही. मागच्या दीड महिन्यात एक जरी डोस घेतला असेल तरी तापाच्या डॉक्टरांना सांगा. दाखल झालात आणि भूल द्यायची किंवा दुर्बिणीची वेळ आली तर भूलतज्ज्ञांना तर आवर्जून सांगा. पोट रिकामं व्हायला वेळ लागतो, सहा-आठ तास उपाशी असूनही आत अन्न असू शकतं.

आता उलट्यांबद्दल, कारण जीव इथे अडकतो. डेंग्यूत ताप उतरतो तेव्हा माणूस सुटकेचा श्वास टाकतो. खरा धोका नेमका तेव्हा असतो, साधारण तिसऱ्या ते सातव्या दिवसात. रक्तवाहिन्यांतून पाणी बाहेर पाझरतं, रक्त घट्ट होतं, रक्तदाब पडू शकतो. या वेळी शरीर ज्या खुणा दाखवतं त्यांत पहिल्या दोन म्हणजे पोटात जोरात दुखणं आणि थांबत नसलेल्या उलट्या. या इंजेक्शनच्या त्रासातही नेमक्या याच दोन गोष्टी येतात. म्हणून माझा नियम साधा आहे. तापाच्या तिसऱ्या दिवसानंतर सुरू झालेली उलटी इंजेक्शनची नाही, आजाराची समजायची. रक्त तपासून तसं नाही असं निघालं तर उत्तम. त्याबरोबर हिरड्यांतून किंवा नाकातून रक्त, काळी शौच, हातपाय गार पडणं, फार सुस्ती किंवा अस्वस्थपणा, सहा तासांत लघवी नाही, यातलं काहीही असेल तर रात्र आहे म्हणून सकाळची वाट पाहू नका.

आणि रिपोर्ट हातात आला की नुसत्या प्लेटलेट वाचू नका. आमच्याकडे किवी आणि पपईच्या पानांवर जेवढी चर्चा होते, त्याच्या दहावा हिस्सा तरी पीसीव्ही नावाच्या ओळीवर व्हावी. रक्त किती घट्ट झालंय ते ती ओळ सांगते. ती चढते आहे आणि प्लेटलेट झपाट्याने पडत आहेत, हे दोन्ही एकत्र दिसलं की आम्ही सावध होतो.

सोनोग्राफीचीही एक गंमत आहे. डेंग्यूत पित्ताशयाची भिंत सुजून जाड दिसते. या इंजेक्शनवाल्यांना पित्ताचे खडे होण्याची शक्यता थोडी वाढलेली असते, स्वादुपिंडाला क्वचित सूजही येते. रिपोर्ट वाचणाऱ्याला दोन्ही गोष्टी माहीत असतील तर तो तोलून मापून सांगेल. एकच माहीत असेल तर भलतीकडे जाईल.

इंजेक्शनपेक्षाही जास्त घात करतात त्या सोबतच्या गोळ्या. वजन जास्त असणाऱ्याला शुगर-बीपी असतेच बहुधा. ग्लिमेपिराइडसारखी गोळी जेवण असो नसो साखर उतरवते. त्या आडतवाल्या गृहस्थांची 62 झाली ती इंजेक्शनने कमी आणि उपाशीपोटी घेतलेल्या या गोळीने जास्त. ज्या गोळ्यांनी साखर लघवीवाटे जाते, त्यांचं नाव बहुधा 'ग्लिफ्लोझिन'ने संपतं, त्या उपाशीपणात रक्त आंबट करू शकतात. तेही मीटरवर साखर फारशी वाढलेली नसताना. मेटफॉर्मिन, टेल्मिसार्टन, लघवीची गोळी याही उलट्या-जुलाब असताना एक-दोन दिवस थांबवाव्या लागतात. कोणती थांबवायची ते तुमच्या डॉक्टरांकडून ठरवून घ्या, मनाने सगळं बंद करू नका. आणि इन्सुलिन घेत असाल तर ते स्वतःहून कधीच पूर्ण बंद करायचं नाही. डोस कमी-जास्त होईल, बंद नाही.

अंगदुखीची सुई मात्र नकोच. चिकुनगुनियात सांधे असे धरतात की माणूस डायक्लोफिनॅक मागतोच, आणि द्यायला कोणीतरी असतंच. बीपीची गोळी, लघवीची गोळी आणि वरून ही सुई, शरीर कोरडं असताना हे तिन्ही एकत्र आले की मूत्रपिंड बसायला वेळ लागत नाही. डेंग्यूची शंका असेल तर रक्तस्रावाची भीती वेगळीच. तापाला पॅरासिटामॉल पुरे. पोट हळू चालत असल्याने तिचा परिणाम थोडा उशिरा जाणवू शकतो. अर्ध्या तासात उतरला नाही म्हणून दुसरी 650 ची गोळी घेऊ नका, दोन गोळ्यांत सहा तास जाऊ द्या.

प्यायचं कसं? तांब्याभर एकदम प्यायलं तर उलटून पडणार, पोट भरलेलंच आहे ना. ओआरएसची पुडी 1 लिटर पाण्यात पूर्ण विरघळवा आणि दर दोन-तीन मिनिटांनी एक-दोन घोट घ्या. दुकानातल्या गोड डब्यांवर विसंबू नका. ठरलेल्या सूत्रात न बसणाऱ्या पेयांवर 'ओआरएस' लिहायला ऑक्टोबर 2025 मध्ये अन्न सुरक्षा प्राधिकरणाने बंदी घातली, त्याला कारण होतं. खाण्यात ज्वारीची आंबील, मीठ घातलेली पेज, मुगाचं पातळ वरण, ताक. दोन चमचे जरी गेलं तरी गेलं म्हणायचं. घरचे "काहीतरी खा" म्हणून भाकरी-भाजीचा आग्रह करतात, तो आठवडाभर बाजूला ठेवा.

तापात चार किलो उतरले म्हणून खूष होणारेही मी पाहिले आहेत. ते पाणी आहे आणि स्नायू आहेत, चरबी थोडीच. बरं झाल्यावर डाळ, अंडी, दही, पनीर वाढवा आणि चालायला लागा.

परत कधी सुरू करायचं? उलट्या पूर्ण थांबून दोन-तीन दिवस नीट जेवण गेल्यावर. ठरलेल्या दिवसापासून फार उशीर झाला नसेल तर राहिलेला डोस घेता येतो. टिर्झेपॅटाइडला ही मुदत 4 दिवस आहे. वेगोवीत पुढचा डोस 2 दिवसांपेक्षा लांब असेल तरच राहिलेला घ्यायचा. त्यापलीकडे तो सोडून पुढच्या वारालाच घ्या. भरपाई म्हणून दोन एकदम कधीच नाही. ओळीने दोन किंवा जास्त डोस चुकले असतील तर जुन्या मोठ्या डोसवर परस्पर उडी मारू नका, डॉक्टरांना विचारून बहुधा खालच्या पायरीपासून चढावं लागतं. आजारातून उठलेलं पोट एकदम मोठा डोस सहन करत नाही.

राहिली ती लाजेची गोष्ट. बीपीची गोळी लोक अभिमानाने सांगतात, वजनाचं इंजेक्शन मात्र लपवतात. "डाएट करून उतरवलं" असं भावकीत सांगितलेलं असतं, मग तापात खरं कसं सांगणार? जावयासमोर नको असेल तर आम्ही त्यांना बाहेर पाठवू, तेवढं आम्हाला जमतं. नाहीतर एका चिठ्ठीवर औषधाचं नाव, डोस आणि शेवटचं कधी घेतलं ती तारीख लिहून आधार कार्डाच्या मागे ठेवा. रात्री दोन वाजता विष्णुपुरीच्या किंवा लातूरच्या सरकारी रुग्णालयात तुम्हाला आणलं आणि तुम्ही बोलण्याच्या स्थितीत नसलात, तर ड्युटीवरच्या डॉक्टरला ती चिठ्ठी दिसेल. त्या गृहस्थांनी घरी जाताना माझ्यासमोर ती लिहिली. आणि घडी घालून देताना जावयांच्याच हातात दिली.