'समाजकार्याची आवड' ही ओळ खोडा

वर्षभरात वस्तीतल्या पोरापोरींचे पन्नासेक बायोडाटे माझ्या हातून गेले. सगळ्यांच्या तळाशी तीच मेलेली ओळ : 'छंद – वाचन, क्रिकेट, समाजकार्याची आवड.'

आवड? आवड लोणच्याची असते दोस्ता. तू ४ वर्षं रोज संध्याकाळी अभ्यासिकेत बसून ३० पोरांना गणित शिकवलंस. जयंतीच्या वर्गणीची पै न् पै वहीत लिहिलीस अन् हिशेब फळ्यावर लावलास. ६ डिसेंबरला दादरला चैत्यभूमीच्या रांगेशी रात्रभर उभा राहून म्हाताऱ्यांना पाणी दिलंस, चुकलेली लेकरं आयांपाशी पोचवलीस. ही आवड होय रे? हे काम आहे. काम म्हणूनच लिही.

मी तरी कुठे शहाणा होतो! पहिल्या नोकरीच्या मुलाखतीला आम्हा चौघांना एकत्र बसवलं. शेजारच्याने एका रविवारी समुद्रकिनाऱ्यावरचा कचरा उचलला होता. एका रविवारी! साहेब त्याच्याशी दहा मिनिटं नेतृत्वगुणांवर बोलले. मी पुराच्या वेळी १२० घरांना १५ दिवस शिधा पोचवला होता. माझ्या कागदावर त्यातलं अक्षर नव्हतं. आदल्या रात्री मीच खोडलं होतं, कारण समितीच्या नावात बाबासाहेबांचं नाव होतं. ज्या नावासाठी बाप नामांतराच्या लढ्यात लाठ्या खाऊन आला, ते नाव पोराने एक बटण दाबून पुसलं. वर नोकरी मिळाली नाही ती नाहीच.

भीती खोटी नव्हती. सुखदेव थोरात आणि पॉल ॲटवेल यांनी २००७ साली छापलेला अभ्यास वाचा. खासगी कंपन्यांच्या जाहिरातींना तोलामोलाच्या शिक्षणाचे अर्ज धाडले, फरक आडनावांचा. दलित आडनावाला बोलावणं येण्याची शक्यता उच्चजातीय आडनावाच्या जेमतेम दोन-तृतीयांश निघाली. म्हणजे चाळणी आडनावालाच लागते. आडनाव कागदाच्या डोक्यावर आहे आणि आपण तळातलं काम पुसत बसतो. जात लपत नाहीच, वर माणूस रिकामा दिसतो.

कॉलेजात राष्ट्रीय सेवा योजनेचे दोन वर्षांत २४० तास अन् ७ दिवसांचं शिबिर केलं की शिक्क्याचं प्रमाणपत्र मिळतं. चांगलंय, घ्या. पण अभ्यासिकेत रोज २ तास, आठवड्याचे ६ दिवस, तर २० आठवड्यांत तेवढेच २४० तास भरतात. तुझी ४ वर्षं झाली. शिक्का नाही म्हणून तास नाहीत का?

तेव्हा मोजायला शीक. किती माणसं, किती दिवस, किती रुपये, शेवटी काय झालं. पोलीस तक्रार घेईनात म्हणून चौकीत ३ दिवस ठाण मांडलंस ना? मग लिही : 'अत्याचार प्रतिबंधक कायदा, १९८९ खाली तक्रार नोंदवण्यासाठी कुटुंबाला मदत, अर्जलेखन, पाठपुरावा, अधिकाऱ्यांशी बोलणी.' जातीच्या दाखल्याचे अर्ज भरलेस तर किती भरले, किती मंजूर झाले ते सांग. पदं नकोत. उपाध्यक्ष, महासचिव – आपल्याकडे माणसांपेक्षा पदं जास्त झालीत. अन् फुगवू नको. कुणी विचारलं तर वही पुढे टाकता आली पाहिजे.

पोरींनो, तुमचं काम तर आपलेच भाऊ खोडतात. शिबिराला ४०० माणसांचं दोन वेळचं जेवण उठवलंत, त्याला म्हणे 'स्वयंपाकाला हातभार'! सामानाची यादी, खरेदी, पैशाचा मेळ, २० जणींना कामाची वाटणी – हे सगळं एकेका ओळीत मांडा.

घरात चूल थंड आहे म्हणून कुणी समितीचं नाव झाकून 'वस्तीतील स्वयंसेवी समिती' एवढंच लिहिलं, तर मी त्याला गद्दार म्हणणार नाही. मला तो हक्क नाही, मी स्वतः पुसून बसलोय. पण नाव झाकलंस तरी काम झाकू नको.

माझ्या बायोडाट्यात आता समितीचं पूर्ण नाव आहे, पहिल्या पानावर. रविवारी सकाळी १० वाजता मी अभ्यासिकेत असतो. कागद घेऊन या. वर्गणीची वहीही आणा, आकडे तिच्यातूनच काढायचेत.