तक्ता फुकट, खजूर महाग

रमजान लागायच्या आधी ओझरमध्ये सहेर-इफ्तारचे तक्ते फुकट वाटले जातात. मधोमध वेळा आणि चारी बाजूंनी जाहिराती. कापड दुकान, उमरा टूर, खजुरांचा डबा. छपाईचे पैसे दुकानदार देतो, असं आपण म्हणतो. मग लगेच कोणीतरी शहाणपणाने म्हणतं, ‘ते तो आपल्याकडूनच वसूल करतो, म्हणून तर माल महाग.’ मीही हेच म्हणायचो. पण हे अर्धंच खरं आहे, आणि त्या अर्ध्या सत्याआड व्यापारी निवांत बसलाय.

मी उर्दू शाळेत मराठी शिकवतो. गणिताचे सर रजेवर होते, तेव्हा त्यांच्या तासांना मी मुलांकडून घरची रिकामी पाकिटं मागवली आणि एकमान पद्धतीने भाव काढायला लावले. गरिबाची पुडीच महाग निघणार, अशी माझी खात्री होती. निघालं उलटं. शाम्पूची एक रुपयाची पुडी साडेपाच मिलीची, म्हणजे मिलीला अठरा पैसे. त्याच शाम्पूची 180 मिलीची बाटली 150 रुपयांना, म्हणजे मिलीला त्र्याऐंशी पैसे. पुडीला प्लास्टिक जास्त लागतं, टीव्हीवरची जाहिरात दोन्हींची एकच, तरी पुडी स्वस्त!

खर्च मोजून भाव ठरत असता तर असं झालं नसतं. हिंदुस्थान युनिलिव्हरसारखी मोठी कंपनी विक्रीच्या दहा टक्क्यांच्या आसपास रक्कम जाहिरातीवर आणि प्रसारावर घालते. तिला मिळालेल्या शंभरातले दहा. मग मिलीमागे पासष्ट पैशांचा फरक आला कुठून? गिऱ्हाइकाच्या खिशातून. सी. के. रंगनाथन यांनी 1983 साली तमिळनाडूत चिक शाम्पूच्या पुड्या काढल्या. पुढे ती पुडी पन्नास पैशांना मिळू लागली. अशा मालात आधी नाणं ठरतं, मग त्यात बसेल एवढा माल भरतात. पाच रुपयांचा बिस्किटपुडा वर्षानुवर्षं पाचलाच राहतो आणि हातात हलका लागतो, तो त्यामुळेच.

म्हणजे जाहिरातीचं खरं काम आपण किती द्यायला तयार होऊ, तो आकडा वर ढकलणं. याला आपल्या फिकहमध्ये जुना शब्द आहे, नजश. माल घ्यायचा नसताना बोली चढवणं. प्रेषित मुहम्मद (स.) यांनी त्याची मनाई केली, आणि विकण्यासाठी मालाची खोटी तारीफ करणंही उलेमांनी त्यातच धरलं. आयुष्यात ती क्रीम न लावलेला नट पैसे घेऊन तिची तारीफ करतो, तो दुसरं काय करतो? 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यात दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीसाठी असा चेहराही 10 लाखांपर्यंतच्या दंडाला पात्र आहे.

पण नटाला बोलणं सोपं. आपलं काय? डब्यावर मिनाराचं चित्र आणि ‘सुन्नत’ हा शब्द आला की आपला हिसाब बंद पडतो. द्राक्षबागेत मजुरीला जाणारा बापही इफ्तारच्या दावतीला सुटे खजूर न्यायला लाजतो. गेल्या वर्षी मीही लाजलो आणि डबा घेतला. डब्यातला माल स्वच्छ असतो, हे मान्य. त्या स्वच्छतेचे पैसे द्यावेत, पण किती ते बघून. 2022 पासून पाकिटावर ग्रॅमचा किंवा किलोचा भाव छापणं सक्तीचं आहे. (दहा ग्रॅम किंवा दहा मिलीपर्यंतच्या पाकिटांना मात्र हे नियम लागू नाहीत. म्हणजे पुडी घेणाऱ्याने हिसाब स्वतःच करायचा.) डब्यावर तो भाव बारीक अक्षरात असतो. जाहिरातीत मी कधी पाहिला नाही.

यंदा तक्त्याचं उर्दू-मराठी प्रूफ माझ्याकडे आलं. खजुराच्या जाहिरातीत किलोचा भाव टाका, असं मी समासात लिहून दिलं. तक्ता छापणारे भाई संध्याकाळी घरी आले. म्हणाले, “सर, मग जाहिरात देणार कोण?”