घड्याळ मागाहून येते

परदेशी निघालेल्या माणसाला निरोप देताना आपण लोणच्याची बरणी, मेतकुटाचा डबा आणि सूचनांची एक लांबलचक यादी त्याच्या हवाली करतो. पासपोर्ट जपून ठेव, अनोळखी माणसाच्या हाती सामान देऊ नकोस, पोचल्याबरोबर फोन कर. या यादीत एक गोष्ट मात्र कधीच नसते. पोचल्यानंतरच्या पहिल्या तीन-चार दिवसांचे काय करायचे, हे कोणी सांगत नाही. जणू ते दिवस नाहीतच! प्रवासवर्णनांतूनही ते बहुधा गाळलेलेच असतात. लेखक विमानातून उतरतो, एका वाक्यात झोप काढतो आणि पुढच्या परिच्छेदात राजवाड्यासमोर उभा असतो.

माझे मत याच्या अगदी उलट आहे. एकट्याने प्रवास करणाऱ्या माणसाला परके शहर सर्वांत प्रामाणिकपणे भेटते ते याच गाळलेल्या दिवसांत. ते दिवस वाया गेलेले समजून जो तो झोपेच्या गोळीत, सहलीच्या बसमध्ये किंवा घरच्या फोनमध्ये बुडवून टाकतो, त्याने प्रवासातला खरा ऐवजच टाकून दिला असे मी म्हणेन.

प्रथम या अवस्थेचे स्वरूप पाहू. तिला सारे जग ‘जेट लॅग’ म्हणते. आपल्या मेंदूच्या तळाशी, दोन डोळ्यांकडून येणाऱ्या नसा जिथे एकमेकींना ओलांडतात त्याच्या जरा वर, पेशींचा एक इवलासा पुंजका आहे. झोप, भूक, अंगाची ऊब यांचे वेळापत्रक तो सांभाळतो. त्याचा दिवस नेमका चोवीस तासांचा नसतो. बहुतेक माणसांत तो किंचित मोठा असतो, आणि डोळ्यांत शिरणारा सूर्यप्रकाश ते घड्याळ रोज थोडेथोडे जुळवून घेतो. पेशींमधले हे घड्याळ चालते कसे, याचा उलगडा करणाऱ्या हॉल, रॉसबॅश आणि यंग या तीन शास्त्रज्ञांना २०१७ सालचे नोबेल पारितोषिक मिळाले. साधारणपणे एका दिवसात एखादा तास, एवढ्याच बेताने हे घड्याळ सरकते. विमान मात्र एका रात्रीत पाच-सहा तासांची मजल मारते. सामान पोचते, पासपोर्ट पोचतो. आतले घड्याळ मात्र मागाहून, रमतगमत येते.

पूर्वी असे नव्हते. आनंदीबाई जोशी एप्रिल १८८३ मध्ये नवऱ्याला मागे ठेवून कलकत्त्याहून आगबोटीने निघाल्या आणि जूनमध्ये न्यूयॉर्कला उतरल्या. वाटेत त्यांनी काय काय सोसले असेल ते असो. पण घड्याळाच्या बाबतीत बोट दयाळू होती. ती रोज थोडेसेच पुढे जाई, आणि माणसाचे शरीर तिच्याबरोबर चालू शके. ८ जून १९४८ रोजी एअर इंडियाचे पहिले आंतरराष्ट्रीय विमान मुंबईहून कैरो आणि जिनिव्हामार्गे लंडनला गेले. १९६० मध्ये त्याच कंपनीची बोइंग जेट विमाने त्या मार्गावर आली. प्रवासाचे आठवडे संपून तास उरले. अंतर जिंकले गेले, पण शरीराला त्या विजयाची वार्ताच कोणी दिली नाही.

अभ्यासाच्या निमित्ताने एका नोव्हेंबरात मला लंडनला एकटीने जाण्याचा योग आला, म्हणून हे अधिकाराने लिहिते आहे. हिवाळ्यात लंडन आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे असते. पहाटे तीनला माझे डोळे टक्क उघडत, कारण आतल्या घड्याळात साडेआठ वाजलेले असत आणि पोटाला चहा-पोहे हवे असत. उलट संध्याकाळी सहाच्या सुमारास, बाहेर दुकाने गजबजलेली असताना, माझ्या अंगात मध्यरात्र दाटून येई. त्यात तिथला सूर्य नोव्हेंबरात सकाळी सातच्या पुढे उगवणार आणि दुपारी सव्वाचारच्या आसपास मावळणार. म्हणजे ज्या वेळी मी जागी, त्या वेळी शहर अंधारात. आणि ज्या वेळी शहर रंगात, त्या वेळी मी पेंगुळलेली.

हा विसंवाद मला हळूहळू फार मोलाचा वाटू लागला. पहाटे पाचला ब्लूम्सबरीतल्या खोलीतून निघून मी मुख्य रस्त्यावर येई आणि पहिली येईल ती दुमजली लाल बस पकडून वरच्या मजल्यावर अगदी पुढे बसे. लंडनच्या बसचे बरेच मार्ग रात्रभर चालू असतात, आणि एका भाड्यात तासाभरात दुसरी बस बदलता येते. त्या वेळी बसमध्ये प्रवासी म्हणून कोणी नसते. असतात ती कामावर जाणारी माणसे. कचेऱ्या झाडणाऱ्या बायका, उपाहारगृहांत भांडी घासणारी पोरे, रात्रपाळी संपवून परतणाऱ्या परिचारिका. निम्मे जण खिडकीला डोके टेकून झोपलेले. नाना देशांतून आलेली ही माणसे. थेम्सच्या दक्षिणेला नाइन एल्म्स येथे फुलांचा आणि भाजीचा घाऊक बाजार आहे; कॉव्हेंट गार्डनच्या जुन्या जागेतून तो १९७४ साली तिकडे हलवला. आज कॉव्हेंट गार्डनला पर्यटक दुपारी जातात ते खेळ पाहायला आणि खरेदीला. फुले मात्र पहाटेच्या अंधारात नाइन एल्म्सला विकली जातात. दादरच्या फुलबाजारात जो पहाटे गेला असेल, त्याला या गोष्टीचे नवल वाटणार नाही. शहर नऊ वाजता आपल्यासमोर टापटीप होऊन येते. त्याला टापटीप कोण करते, ते पहाटे पाचला कळते. सहलीच्या बसमधून हे दिसत नाही, कारण ती बस नाश्त्यानंतर सुटते.

असेच एका पहाटे टॅव्हिस्टॉक चौकात गांधीजी भेटले. १९६८ साली तिथे बसवलेला त्यांचा पुतळा मांडी घालून, मान खाली घालून बसला आहे. भर थंडीत अंगावर तेवढेच वस्त्र. एरवी छायाचित्र काढून पुढे गेले असते. पण मला कुठे जायचेच नव्हते. दुसऱ्या सकाळी पाऊण-एक तास चालत प्रिमरोझ टेकडीजवळच्या किंग हेन्रीज रोडवरच्या दहा क्रमांकाच्या घरापाशी गेले. १९२१-२२ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकर तिथे राहत होते. २०१५ मध्ये महाराष्ट्र शासनाने ते घर विकत घेऊन त्याचे स्मारक केले. स्मारक उघडायला अवकाश होता. बंद दारासमोर उभे राहून मी विचार करीत होते तो या माणसाच्या एकटेपणाचा. १९१६ मध्ये लंडनला आलेला हा विद्यार्थी शिष्यवृत्तीची मुदत संपल्यामुळे १९१७ मध्ये अभ्यास अर्धवट टाकून परततो, पैसे जमवून १९२० मध्ये पुन्हा येतो आणि १९२३ मध्ये डी. एस्सी. होतो. त्याच्या दिनक्रमात ‘प्रेक्षणीय स्थळे’ कुठे असतील? शहर त्याच्यासाठी वाचनालय आणि खोली यांच्यामधला रस्ता होता. एकटेपणा ही काही आज समाजमाध्यमांवर मिरवायला निघालेली चैन नव्हे. आपल्याकडच्या कितीतरी माणसांनी तो कामासाठी पत्करला आणि कामाला लावला.

दुपारी तीननंतर माझा वेग मंदावे. ब्रिटिश म्युझियमला प्रवेशमूल्य नाही, १७५९ पासून ते लोकांसाठी खुले आहे. तेव्हा पेंगण्यासाठी याहून चांगली जागा ती कोणती! तिथे अमरावतीच्या स्तूपाच्या शिला आहेत. (आंध्रातली अमरावती, विदर्भातल्या मित्रांनी उगाच हर्षभरित होऊ नये.) सबंध म्युझियम पाहायचे बळ पायांत नव्हते, म्हणून मी त्या एकाच दालनात रेंगाळले. फार पाहिले असते तर एवढेही दिसले नसते. थकवा माणसाला निवड करायला लावतो, आणि निवड ही रसिकतेची पहिली पायरी आहे, असे आपले प्राध्यापक वर्गात सांगतातच.

चौथ्या दिवशी ग्रीनिचला गेले. तिथल्या वेधशाळेच्या फाटकावर १८५२ सालचे एक घड्याळ आहे. त्यावर बाराऐवजी चोवीस तास कोरलेले आहेत, आणि सारे इंग्लंड उन्हाळ्यात काटे तासभर पुढे करते तेव्हाही ते आपली ग्रीनिच वेळ सोडत नाही. १८८४ मध्ये वॉशिंग्टनला भरलेल्या परिषदेत ग्रीनिचची रेखा जगाची मूळ रेखा ठरली. त्या घड्याळासमोर मला आपली मुंबई आठवली. १ जानेवारी १९०६ पासून हिंदुस्थानची प्रमाणवेळ ग्रीनिचच्या साडेपाच तास पुढे ठरली. परंतु मुंबईची स्वतःची वेळ होती ग्रीनिचच्या चार तास एक्कावन्न मिनिटे पुढची, आणि ती शहरात १९५५ पर्यंत टिकून राहिली. म्हणजे जवळजवळ अर्धे शतक एकाच शहरात एकोणचाळीस मिनिटांच्या फरकाने दोन वेळा नांदत होत्या! हा हट्टीपणा असेल. पण माझे शरीर त्या चार दिवसांत दुसरे काय करीत होते? प्रमाणवेळ सोयीची असते, हे मान्य. पण सोय म्हणजेच सत्य नव्हे, हे मुंबईला आणि शरीराला दोघांनाही ठाऊक आहे.

आता आक्षेपांकडे वळते. पहिला आक्षेप पैशाचा. आयुष्यभराची बचत खर्चून दहा दिवसांसाठी गेलेल्या माणसाने त्यांतले तीन दिवस असे भटकण्यात का घालवावेत? माझे उत्तर असे की, पेंगुळलेल्या डोळ्यांनी आठ स्थळे पाहून ती नंतर छायाचित्रांवरून ओळखण्यापेक्षा एक रस्ता जागेपणी पाहणे स्वस्त पडते. शिवाय पायी चालायला आणि उजेडात बसायला पैसे लागत नाहीत. घड्याळ लवकर जुळवण्याचा उपायही योग्य वेळी उजेडात राहणे हाच आहे.

दुसरा आक्षेप मुलींच्या बाबतीतला, आणि तो मी हसण्यावारी नेणार नाही. परक्या शहरात अंधारात एकटीने फिरावे काय? धाडस म्हणून मुळीच फिरू नये. मी बसचा दिवा, वर्दळीचा रस्ता आणि उघडे दुकान यांच्या आधाराने फिरले. निर्जन बागेत शिरले नाही. पण ही काळजी मी पुण्यातही घेते. तेव्हा ‘मुलीने एकटीने जाऊ नये’ असे म्हणण्याऐवजी ‘कसे जावे’ हे तिला शिकवले तर यादीत एक उपयुक्त सूचना वाढेल.

तिसरा मोह घरचा. पूर्वी पत्र पोचायला दिवसामागून दिवस लागत, आणि तोवर माणूस नव्या जागी निम्मा रुळलेला असे. आज खिशातल्या फोनवर आईचा चेहरा केव्हाही दिसतो. हे सुख नाकारावे असे मी म्हणत नाही. पण नव्याने गेलेली काही मुले पहाटे तीनला उठून सकाळपर्यंत घरच्यांशी बोलत बसतात आणि दुपारी पडदे ओढून झोपतात. महिना झाला तरी ती भारतीय वेळेवरच जगत असतात. ती लंडनमध्ये राहतात एवढेच, लंडनला गेलेली नसतात. १९३२ मध्ये स्थापन झालेले महाराष्ट्र मंडळ तिथे आहे, तिथे जरूर जावे. पण पाचव्या दिवशी. पहिले चार दिवस परकेपणाला द्यावेत. परकेपणा नीट भोगला तरच आपुलकीची चव कळते.

हे सारे लिहिताना एक विचार मला अस्वस्थ करतो. मी हौसेने चार दिवस वेळेबाहेर जगले. आपल्याच महाविद्यालयांतून बाहेर पडलेली कितीतरी मुले पुण्या-मुंबईच्या कॉल सेंटरांतून वर्षानुवर्षे लंडनच्या किंवा न्यूयॉर्कच्या वेळेवर जगतात, आणि त्यांना ती शहरे कधी दिसतही नाहीत. त्यांचे घड्याळ परदेशी आणि खाट घरची. रात्रपाळीचे काम बहुधा कर्करोगकारक असल्याचे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोगसंस्थेने २००७ मध्ये आणि पुन्हा २०१९ मध्ये नोंदवले आहे. लंडनच्या पहाटेच्या बसमधल्या त्या बायका आणि आपली ही मुले एकाच पाळीवर आहेत. जेट लॅगची गंमत सांगणाऱ्याने, मीही त्यात आले, ही गोष्ट विसरू नये.

म्हणून परदेशी निघणाऱ्या माझ्या मित्रमैत्रिणींना एवढेच सांगेन. लोणचे न्या, मेतकूट न्या, पण पहिल्या तीन-चार दिवसांसाठी कोणताही कार्यक्रम नेऊ नका. अवेळी जाग आली तर कुरकुर न करता खिडकी उघडा. शहर झाडून ठेवणारी माणसे त्या वेळी कामाला निघालेली असतात. त्यांना आधी पाहा. राजवाडा काही पळून जात नाही.