नियम मोजकेच, पण पहिल्या दिवसापासून

सांगली-साताऱ्यात अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षाचे प्रोजेक्ट सुरू झाले की चित्र साधारण सारखंच असतं. चौघांचा गट, एक गिटहब रिपॉझिटरी आणि सबमिशनच्या आदल्या रात्रीची पळापळ. एक जण टॅब देतो, दुसरा स्पेस. तिसऱ्यानं इम्पोर्ट केलेल्या निम्म्या लायब्ररी कुठं वापरलेल्याच नसतात. डेमो नीट चालतो, पण परीक्षकांनी भलतंच बटण दाबलं की प्रोग्राम कोसळतो. व्हेरिएबलच्या नावात एक अक्षर चुकलेलं असतं आणि कोडच्या त्या भागाकडे तोवर कुणी फिरकलेलंच नसतं.

अशी चूक प्रोग्राम न चालवताही सापडते. ते काम लिंटरचं. स्टीफन जॉन्सन यांनी १९७८ मध्ये बेल लॅब्समध्ये सी भाषेसाठी 'लिंट' लिहिलं, तेव्हापासून ही सोय आहे. आज जावास्क्रिप्टसाठी ईएसलिंट आहे, पायथनसाठी रफ. दोन्ही फुकट.

मोठा प्रोजेक्ट हे कसं सांभाळतो, ते बघायला परदेशात जायची गरज नाही. मुंबईच्या फ्रापे कंपनीचं ईआरपीनेक्स्ट हे हिशेब, साठा सांभाळणारं सॉफ्टवेअर ओपन सोर्स आहे. नियमांच्या फायली कुणालाही उघडून वाचता येतात. कमिट करतानाच तपासणी व्हावी अशी मांडणी त्यात आहे. तिथला पायथन कोड पहिल्यापासून टॅबमध्ये, तर 'ब्लॅक' हा लोकप्रिय फॉरमॅटर स्पेसवर अडून बसणारा. मंडळींनी टॅब सोडले नाहीत. टॅब चालतील अशी ब्लॅकची बदललेली आवृत्ती वापरली आणि पुढं रफकडे वळले. नियम टीमच्या सोयीनं ठरवायचे असतात, ते असे.

त्यांचा एक नियम तर मराठी माणसानं मुद्दाम बघावा. स्क्रीनवरचं वाक्य भाषांतराच्या फंक्शनमधून जातं. त्या वाक्यात ग्राहकाचं नाव आधीच भरून टाकलं, तर भाषांतराच्या यादीत ते वाक्य सापडत नाही आणि मराठी निवडूनही इंग्रजीच दिसतं. प्रोग्राम कुठं अडत नाही, एररही येत नाही, म्हणून ही चूक महिनोन्महिने तशीच राहू शकते. फ्रापेनं 'सेमग्रेप' या साधनात यासाठी स्वतःचा नियम लिहून ठेवलाय.

खरी कसोटी जुन्या कोडची. उत्साहाच्या भरात सगळे नियम एकदम चालू केले की शेकडो तक्रारी येतात आणि दुसऱ्या दिवशी लिंटर बंद होतो. त्यापेक्षा सुरुवातीला तीनच गोष्टी पकडाव्यात: न वापरलेले इम्पोर्ट, न वापरलेली व्हेरिएबल्स आणि कुठंच न सापडणारी नावं. ओळीची लांबी किती असावी यावरची भांडणं फॉरमॅटरवर सोपवावीत. सगळा कोड एकदा फॉरमॅट करायचा तो वेगळ्या कमिटमध्ये, त्यात दुसरा कुठलाही बदल नको. त्या कमिटचा क्रमांक गिटच्या वगळायच्या यादीत टाकला की 'ही ओळ कुणी लिहिली' याचं उत्तरही बिघडत नाही. नियमांची फाइल रिपॉझिटरीतच हवी. एकाच्या लॅपटॉपवरच्या सेटिंगचा बाकीच्यांना काडीचा उपयोग नाही.

लिंटर लावला म्हणजे कोड बरोबर झाला, असं अर्थातच नाही. व्याजाचं सूत्रच चुकलं असेल तर तो चकार शब्द काढणार नाही. त्याला टेस्टच लागतात.

सांगलीच्या वालचंद महाविद्यालयात विद्यार्थ्यांचा लिनक्स यूजर्स ग्रुप आहे; ओपन सोर्सची गोडी लावणारी अशी मंडळं हे काम सहज अंगावर घेऊ शकतात. पण त्याला जोर येईल तो गुणांनी. प्रोजेक्टच्या पहिल्या रिव्ह्यूला सिनॉप्सिस मागतात, तशी मार्गदर्शकांनी लिंटरची फाइलही मागावी आणि तिला चार गुण ठेवावेत.