स्वस्त पेट्रोलाचें कोडें

इंधनावरील सरकारी अनुदान श्रीमंतांच्याच पदरांत अधिक पडतें, असें अर्थशास्त्री सांगत असतात. आणि तें खरेंही आहे, कारण ज्याच्या दारीं मोटार, त्यासच पेट्रोल अधिक लागतें. मग तें काढतांना गरीबच रस्त्यावर कां येतो?

नायजेरियाचेंच पाहा. 1 जानेवारी 2012 रोजीं तेथील सरकारनें पेट्रोलवरील अनुदान एकाएकीं उठविलें. 65 नायरांचा लिटर एका रात्रींत दुपटीहून महाग झाला. कामगारसंघांनीं संप पुकारला, आणि 16 तारखेस 97 नायरा असा मधला भाव ठरवून सरकारास नमतें घ्यावें लागलें. विजेचा भरंवसा नसल्यामुळें तेथें न्हाव्याचें दुकानसुद्धां पेट्रोलच्या जनित्रावर चाले. वांचलेल्या पैशांतून रस्ते, दवाखाने उभारूं, असें सरकार म्हणत होतें. पण त्याच वर्षीं, अनुदानाच्या नांवाखालीं अब्जावधि डॉलरांचा अपहार झाल्याचा ठपका कायदेमंडळाच्या चौकशी-समितीनें ठेविला! घरांतील कर्ता पुरुष उद्यांपासून दूध बंद करून तो पैसा मुलांच्या शिक्षणास लावतों म्हणूं लागला, तर आपण आधीं त्याचा मागला जमाखर्चच पाहूं कीं नाहीं?

इराणनें 2010 च्या डिसेंबरांत भाव वाढविले, ते कुटुंबांच्या बँकेंतील खात्यांवर रोख रक्कम अगोदर जमा करून. लोकांनीं ते बहुतांशीं निमूटपणें सोसले. त्याच इराणांत 2019 च्या नोव्हेंबरांत पूर्वसूचनेवांचून मध्यरात्रीं पेट्रोल महाग झालें. त्या वेळीं रक्कम मागाहून आली. तोंवर रस्त्यांवर माणसें मेलीं होतीं.