गवत कापणाऱ्या डीझेल एंजिनाची निगा

ज्या घरांत शिवणयंत्र असतें, तेथें तेलाची लहानशी कुपीही असते. आणि यंत्र जड चालूं लागलें म्हणजे कोठें दोन थेंब सोडावयाचे, हें घरांतील शाळकरी मुलीसही ठाऊक असतें. परंतु तेंच कुटुंब जेव्हां बंगल्याभोंवतींच्या मोठ्या बागेसाठीं गवत कापण्याचें डीझेलवरील यंत्र विकत घेतें, तेव्हां पैसे चुकते करून किल्ली माळ्याच्या हातीं देतें व आपलें कर्तव्य संपलें असें समजतें. पुढें एंजिन निकामी झालें कीं सारा दोष माळ्याच्या माथीं येतो. ज्याला कोणीं कांहीं शिकविलेंच नाहीं, त्याला बोल लावणें न्यायाचें नव्हे. म्हणून मालकानें स्वतः समजून घ्यावें अशा चार गोष्टी येथें देत आहों.

प्रथम या एंजिनाचा स्वभाव पाहूं. पेट्रोलच्या एंजिनांत ठिणगीनें इंधन पेटतें. रुडॉल्फ डीझेल या जर्मन एंजिनियरानें १८९७ सालीं ऑग्सबर्ग येथें यशस्वी करून दाखविलेल्या एंजिनांत ठिणगीच नाहीं. येथें हवा सुमारें विसाव्या हिश्शाइतकी दाबली जाते व त्या दाबानेंच ती ५०० अंश सेंटिग्रेडहून अधिक तापते. तींत तेलाचा बारीक फवारा उडाला कीं तें आपोआप पेट घेतें. फवारा उडविणाऱ्या पंपाचे भाग एकमेकांत इतके तंतोतंत बसविलेले असतात कीं त्यांमधील फट केसाच्या जाडीच्याही लहानशा अंशाएवढीच असते. यावरून एक गोष्ट ध्यानांत येईल: असें एंजिन कामानें सहसा झिजत नाहीं, तें धुळीनें, पाण्यानें आणि वंगणाच्या हेळसांडीनें झिजतें. त्याची निगा म्हणजे मुख्यतः स्वच्छताच होय.

पहिली गोष्ट वंगणाची. रोज एंजिन सुरू करण्यापूर्वीं यंत्र सपाट जागीं उभें करून तेल मोजण्याची पट्टी काढावी, पुसून पुन्हां बुडवावी व तेल दोन खुणांच्या मध्यें आहे ना, हें पाहावें. कमी तेल घातक, तसें जास्त तेलही घातकच. डीझेल एंजिनांत नवें तेल थोड्याच तासांत काळें पडतें. तेव्हां रंगावरून निर्णय न करितां तास मोजावे. नव्या एंजिनाचें पहिलें तेल बहुधा ५० तासांच्या आंत, व पुढें १०० ते २०० तासांनीं बदलतात. नेमका आंकडा यंत्राबरोबरच्या पुस्तिकेंत असतो, तोच प्रमाण मानावा. तेल काढावयाचें तें एंजिन कोमट असतांना, म्हणजे त्याबरोबर मळही वाहून जातो.

दुसरी गोष्ट हवेची. गवत कापतांना धूळ व भुसा यांचा लोटच उठतो. हवेच्या मार्गांतील कागदी गाळणी हलकेच झटकून साफ करावी. ती पाण्यानें धुवूं नये, आणि फाटली अथवा तेलकट झाली तर बदलावी. मात्र ती उगाच वरचेवर उघडूंही नये, कारण उघडतांना व बसवितांनाच धूळ आंत जाते.

तिसरी गोष्ट इंधनाची. रिकाम्या टाकींत रात्रीच्या गारव्यानें दंव धरतें व तें पाणी तळाशीं सांचतें. याकरितां काम संपल्यावर सायंकाळींच टाकी भरून ठेवावी, आणि इंधनाच्या गाळणीखालीं सांचलेलें पाणी मधून मधून सोडून द्यावें. पाणी फार दिवस राहिलें तर त्यांत सूक्ष्म जंतु वाढून बुळबुळीत गाळ होतो. टाकी अगदीं कोरडीही पडूं देऊं नये. नळींत हवा शिरली कीं ती काढल्यावांचून पुष्कळ एंजिनें सुरूच होत नाहींत.

चौथी गोष्ट थंडाव्याची. पंख्यापुढील जाळींत व एंजिनावरील पत्र्यांच्या फटींत गवताचा भुसा दाटला म्हणजे एंजिन तापतें, आणि वाळलेला भुसा पेटण्याचेंही भय असतें. दर दिवशीं, एंजिन बंद व थंड झाल्यावर, तो कोरड्या कुंचल्यानें काढावा.

यंत्राला वाचा नाहीं, पण धूर आहे. काळा धूर म्हणजे हवा अपुरी किंवा भार अधिक. निळा म्हणजे वंगण जळत आहे. आणि एंजिन तापल्यावरही पांढरा धूर न थांबेल, तर इंधन नीट जळत नाहीं किंवा कोठून तरी पाणी शिरत आहे असें समजावें. अशा वेळीं काम थांबवून जाणत्या कारागिरास दाखवावें.

एका धोक्याची सूचना आवर्जून देतों. फवारा नीट उडतो कीं नाहीं, हें पाहण्यासाठीं त्यापुढें बोट कधींही धरूं नये. तेथील दाब वातावरणाच्या सुमारें २०० पट असूं शकतो, व तेल कातडींतून थेट मांसांत शिरतें. वर खूण सुई टोंचल्याएवढी दिसते, प्रथम वेदनाही फारशा नसतात, आणि म्हणूनच माणूस दुर्लक्ष करितो. परंतु अशा जखमेवर तांतडीनें शस्त्रक्रिया न झाल्यास बोट, प्रसंगीं हातही गमवावा लागतो. घरगुती उपचारांत वेळ न दवडतां त्याच घटकेस रुग्णालय गांठावें. तसेंच, पात्यांत अडकलेलें गवत काढण्यापूर्वीं एंजिन पूर्ण बंद करून किल्ली काढून घ्यावी.

आपल्याकडे गवताचा जोर पावसाळ्यांत. तेव्हां तेल, गाळण्या व पट्टा यांची तपासणी ज्येष्ठाच्या आरंभींच उरकावी. यंत्राजवळ एक वही टांगावी. तींत तारीख, चाललेले तास व केलेलें काम माळ्यानें लिहावें, आणि आठवड्यांतून एकदां मालकानें वाचून खालीं सही करावी. माळ्यास लिहितां येत नसेल तर त्यानें सांगावें व घरांतील मुलानें लिहावें. अशी वही राहिली म्हणजे यंत्राचें आयुष्य तर वाढतेंच. शिवाय उद्यां कांहीं बिघडलें तर दोष कोणाचा हें अंदाजानें न ठरतां लेखावरून ठरेल, आणि गरिबावर नाहक आळ येणार नाहीं.